कापसाच्या मिशा आणि वन्समोअर

गंगाखेडला आपल्या शाळेच्या 1984 च्या गॅदरिंगमध्ये मी नाटकातला भुजंगनाथ, म्हणजे कोवळ्या शारदेशी लग्नाला निघालेला म्हातारा, झालो होतो. नववीत होतो. मिशा मामाच्या शेतातल्या कापसाच्या, डिंकानं चिकटवलेल्या. दुसऱ्या अंकात डावी बाजू सुटली ती शेवटपर्यंत लोंबतच राहिली. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' शाळेतल्या पोरांनी करावं, हा मराठीच्या सरांचा हट्ट. पेटीही तेच वाजवायचे. 1899 साली इंदूरला पहिल्यांदा झालेलं नाटक त्यांनी दीड तासात बसवलं आणि अवघड पदं सरळ गाळली.

पहिली अडचण आली ती पैशांची. शारदेचा बाप कांचनभट पोरीचे पैसे घेतो, हे आमच्या डोक्यात शिरेना. आमच्याकडे पोरीचा बाप हुंड्यापायी रान विकतो. ''सर, हे उलटं छापलंय का?'' असं आमच्या कांचनभटानं विचारलं होतं. (1929 चा बालविवाह रोखणारा 'शारदा कायदा' याच नाटकावरून आला, असं मी पुढं कितीतरी वर्षं छातीठोक सांगत असे. ते नाव हरबिलास सारडांचं, हे वकिली शिकताना कळलं.)

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमची पहिली वल्लरी, म्हणजे शारदेची मैत्रीण होणारी मुलगी, शाळेत आलीच नाही. तिचं लग्न होऊन ती ऊसतोडीला गेली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल आधीच घेतलेली. सरांनी दोन दिवस तालीम घेतली नाही. मग आठवीतली एक मुलगी उभी केली.

बाकं जोडून रंगमंच, चादरींचा पडदा, आणि तिसरी घंटा म्हणून शाळेचाच टोल. 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' सुरू झालं तशी पोरं आणि बापेमंडळी पोट धरून हसली. बायकांच्या बाजूला मात्र फारसं कुणी हसलं नाही. मला वाटलं, माझ्या मिशीमुळं त्यांचा विरस झाला असावा. काहीही वाटायचं त्या वयात.

पुढं चौदा-पंधरा वर्षांनी औरंगाबादला संत एकनाथ रंगमंदिरात पुण्याकडच्या मंडळींचा 'शारदा' पाहिला. ऑर्गन, तबला, जरीचे शेले, सगळं जिथल्या तिथं. त्यांचा भुजंगनाथ पाहून मला माझीच लाज वाटली. सरांनी सांगितलं म्हणून मी वाक्यागणिक खोकत होतो. हा गडी एकदाही खोकला नाही. नुसता नटूनथटून आरशात बघताना शेल्याची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होता. त्या म्हाताऱ्याची कीव येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

गाणं तर काय, शारदेचा गळा तयारीचा होता. 'मूर्तिमंत भीति उभी' तिनं असं म्हटलं की अंगावर काटा आला. टाळ्या पडल्या, मागून वन्समोअर आला. शारदा थांबली, हात जोडून हसली, ऑर्गनवाल्याकडे पाहिलं आणि पुन्हा घाबरली. संगीत नाटकाची रीतच ती, माझी तक्रार नाही. पण दुसऱ्या खेपेला मी फक्त ताना ऐकल्या.

आमच्या शारदेला त्या पदाच्या दोनच ओळी येत होत्या. त्या म्हणून तिचा आवाज बसला आणि पुढचं तिनं नुसतं बोलून टाकलं, सपाट, धडा वाचल्यासारखं. सरांनी पेटीवरचा हात उचलला. तेव्हा बायकांतून एक म्हातारी उठली आणि कांचनभटाकडे हात करून ओरडली, ''मुडद्या, लेकीचा पैसा खातूस व्हय रं!'' तिला खाली बसवायला शिपाईमामांना यावं लागलं.

त्या कांचनभटाच्या बापाचं मोंढ्यात आडत दुकान होतं. पुढचे दोन-तीन बाजार बाया दुकानासमोर थांबून त्याला बोल लावत होत्या. आता दुकान तोच चालवतो. गावी गेलो की चहा सांगतो आणि दर खेपेला ऐकवतो, ''पैसे तू दिलेस गड्या, शिव्या मी खाल्ल्या.''