घड्याळाची पाठ

आपल्याकडे घड्याळ बघायचं म्हणजे डायल बघायची, कंपनी कोणती, काटे कसे, पट्टा चामड्याचा का चेन, झालं. पण जुन्या युरोपियन घड्याळांमध्ये एक जात अशी आहे की जिची डायल अगदी साधी, पांढरीशुभ्र, रोमन आकडे, मधून निघालेला लांब सेकंद काटा, आणि खरा सगळा माल पाठीवर. चीनच्या गिऱ्हाइकासाठी बनवलेली खिशातली घड्याळं. सोन्याची नाहीतर चांदीची केस, कडेने अर्धे कापलेले बारीक मोती आणि पाठीवर मीनाकामात फुलांचा गुच्छ, पक्षी, तळ्यात नौका, नाहीतर आई आणि मूल. मी रात्री झोप नाही आली की लिलावांच्या साईटवर हीच बघत बसतो, घेणं आपल्या सात पिढ्यांना जमणार नाही तो भाग वेगळा.

सगळ्यात भारी म्हणजे ही बऱ्याचदा जोडीने बनायची. भेट द्यायची तर जोडीने, ही तिकडची पद्धत, म्हणून एका घड्याळावर पक्षी डावीकडे बघतोय तर दुसऱ्यावर तोच पक्षी उजवीकडे, आरशात बघितल्यासारखं. नंतर वाटण्यांमध्ये, विक्रीमध्ये जोड्या फुटल्या, म्हणून आज अख्खी जोडी निघाली की लिलाववाले नुसते नाचतात.

१७५७ ते १८४२ पर्यंत चीनशी समुद्रमार्गे व्यापार करायचा तर युरोपियन लोकांना एकच बंदर होतं, कँटन, म्हणजे आजचं ग्वांगझू. घड्याळांचा नाद तिथल्या बादशहांना आधीपासूनच होता, कांग्शीला होता, त्याचा नातू चियेनलोंगला तर जास्तच. लंडनचा जेम्स कॉक्स हत्ती-बित्ती हलणारी, गाणी वाजवणारी मोठमोठी यंत्रं तिकडे पाठवायचा. मग खिशातल्या घड्याळांत लंडनचा विल्यम इलबेरी आला, ज्याच्या घड्याळांवरचं मीनाकाम जिनिव्हाचे चित्रकार करायचे. आणि मग बोव्हे. स्वित्झर्लंडच्या फ्लुरिए गावचा एदुआर बोव्हे १८१८ मध्ये कँटनला गेला, चार घड्याळं दहा हजार फ्रँकला विकली असं सांगतात, आणि १८२२ मध्ये भावांबरोबर लंडनला कंपनीच काढली. १८१८ म्हणजे आपला खान्देश पेशवाईतून इंग्रजांकडे गेला तेच साल.

आता मीनाकाम. जळगावच्या सराफ बाजारात माझ्या ओळखीचा एक बंगाली कारागीर आहे, त्याला एका बोव्हे घड्याळाचा फोटो झूम करून दाखवला, गुलाबाची पाकळी, कडेला गुलाबी रंग फिका होत होत पांढऱ्यात मिसळलेला, कुठे रेघ दिसत नाही. बराच वेळ बघत बसला, मग म्हणे, "भाऊ, इसके ब्रश में दो-तीन ही बाल होंगे." रंग म्हणजे काचेची पूड, तेलात कालवून लावायची आणि सुमारे ८०० अंशाच्या भट्टीत घालायची, परत रंग, परत भट्टी. ज्या रंगाला जास्त आंच लागते तो आधी, नाजूक रंग शेवटी. आणि पत्र्याच्या आतल्या बाजूलाही मीना चढवावाच लागतो, नाहीतर गार होताना पत्रा वाकतो आणि वरची काच तडकते. शेवटच्या भट्टीत तडा गेला की आधीची सगळी मेहनत पाण्यात, इथे दुरुस्ती-बिरुस्ती काही नाही.

पाठ उघडली की आत परत काच, तिच्यातून मशीन दिसतं आणि त्यावरही सगळीकडे कोरीव वेलबुट्टी. काही घड्याळांत सेकंद काटा सरकत नाही, एकेक सेकंदाला टुक करून उडी मारतो. आजचे शौकीन सेलवरच्या क्वार्ट्झ घड्याळाच्या काट्याला हसतात ना, तीच उडी तेव्हा जास्तीचे पैसे देऊन घ्यायचे!

काही कलेक्टर लोक या घड्याळांना नुसता भपका म्हणतात. मला नाही पटत. चीनमध्ये दिवसाचे बारा भाग करायची जुनी पद्धत होती, आपले दोन तास म्हणजे त्यांचा एक भाग, त्या माणसाला रोमन आकड्यांचं काय पडलं होतं, त्याला हातात धरून बघायला सुंदर वस्तू पाहिजे होती आणि ती कशी पाहिजे हे त्याला पक्कं माहीत होतं. स्विस कारागिराने गिऱ्हाइकाचं ऐकलं, एवढंच.

पैशाची बाजू मात्र तेवढी गोड नाही. कँटनच्या त्या व्यापारात इकडून काय जायचं तर मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू. माळवा म्हणजे आपल्याला लांब नाही, शिरपूर सोडलं, सेंधव्याचा घाट चढला, नर्मदा ओलांडली की आलाच. मोत्यांच्या त्या कडा बघताना हे डोक्यातून जात नाही भो.

आणि हो, ऑनलाईन "अँटिक चायनीज इनॅमल" म्हणून पाच-सात हजारात जे मिळतं त्याच्या नादी लागू नका. छापील चित्र भिंगाखाली धरलं की सारख्या अंतरावरचे एकसारखे ठिपके दिसतात, पेपरातल्या फोटोसारखे. हाताच्या कामात ठिपके असले तरी लहान-मोठे, वाकडेतिकडे असतात. भिंग नसेल तर विकणाऱ्याला मोबाईलने अगदी जवळून फोटो मागा, आणि तो टाळाटाळ करायला लागला की राहू द्या.