वाघ्या गेल्यावर त्याची भावंडं शोधली, त्याचा अनुभव

आमचा डॉबरमन वाघ्या साडेपाच वर्षांचा होता. एप्रिलमध्ये पेट्या भरायची घाई चाललेली, देवगडच्या आमच्या कलमांत वानरांमागे धावता धावता तो आडवा झाला तो उठलाच नाही. सगळे म्हणाले जनावर, म्हणजे साप, चावलं असणार, मीपण तेच धरून बसलो होतो, पण डॉक्टरांना कुठे सूज नाही की दात नाही, ते म्हणाले याचे आईबाप कशाने गेले ते विचार.

मग वाचायला लागलो. या जातीत डीसीएम नावाचा हृदयाचा आजार घराण्यातून येतो, स्नायू कमजोर होतो, कप्पा फुगत जातो, आणि आईबापांपैकी एकाकडून दोष आला तरी पुरतो. युरोपातल्या 2010 च्या एका अभ्यासात जवळपास 58 टक्के डॉबरमनना आयुष्यात कधी ना कधी तो निघाला होता. वरून कुत्रा धडधाकट दिसतो, हेच सगळ्यात वाईट. जीन टेस्ट असते, पण अमेरिकेतल्या कुत्र्यांत सापडलेला पीडीके4 नावाच्या जीनमधला दोष युरोपातल्या कुत्र्यांत तसा जुळला नाही, म्हणून निगेटिव्ह आली तरी मी निर्धास्त राहिलो नसतो.

वाघ्याच्या कागदावर तीन पिढ्यांची नावं, कोण चॅम्पियन तेही, पण कोण कशाने गेलं ते एका अक्षराने नाही. ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं त्यांनी पहिला फोन कट केला, चौथ्यांदा केला तेव्हा आठातल्या पाच पिल्लांचे नंबर दिले. आई सातव्या वर्षी "अचानक", चिपळूणचा भाऊ चौथ्या वर्षी "झोपेत". मी पेन्सिलीने त्या नावांपुढे लिहीत गेलो, हात जड झाला.

वाघ्याची बहीण राणी कणकवलीत, एका काकांकडे. काकांना फोन केला तर म्हणाले, "ठणठणीत आसा, तिका काय धाड भरली!" तिचं मेटिंगही ठरलेलं. दोन दिवस समजावलं, मग फोंडा घाटाने कोल्हापूरला नेलं. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावा कप्पा जरासा मोठा दिसला. मग होल्टर, म्हणजे हृदयाचे ठोके सलग नोंदवणारं मशीन: छातीचे केस भादरून पट्ट्या चिकटवल्या, वरून काकांच्या नातवाचा जुना टीशर्ट घातला आणि चोवीस तास ते मशीन तिच्या पाठीवर. ती बिचारी एकदासुद्धा ओरबाडायला गेली नाही. चोवीस तासांत 300 च्या वर चुकीचे ठोके आले तर डीसीएम धरतात, राणीचे 412.

आता पिमोबेंडन ही हृदयाची गोळी चालू आहे, सकाळ-संध्याकाळ, जेवणाच्या तासभर आधी रिकाम्या पोटी. डॉबरमनवरच्या 2012 च्या अभ्यासात या गोळीने हार्ट फेल होणं किंवा अचानक जाणं साधारण नऊ महिने लांबलं होतं. नऊ महिने म्हणजे काकांसाठी आणखी एक पावसाळा तिच्यासोबत. मेटिंग त्यांनी स्वतःच रद्द केलं.

ज्यांच्याकडे डॉबरमन आहे त्यांनी तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी इको आणि होल्टर दोन्ही करा, नुसता स्टेथोस्कोप लावून "बरा आहे" ऐकून घरी येऊ नका. आठातली तीन पिल्लं अजून सापडायची आहेत, एक पनवेलला दिलं होतं एवढंच कळलंय.