टाकीतली ओल

मृगाचा पाऊस पडून गेला की आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, गवत असं उसळतं, की सकाळी बघितलेला दगड संध्याकाळी सापडत नाही. पडलेले नारळ सापडत नाहीत, आणि फुरशाच्या धास्तीने आई मागच्या दाराने बाहेर पडायचं बंद करते. यावरचा आमचा उतारा म्हणजे गवत कापायचं मशीन. खांद्याला पट्टा, लांब दांडा, एका टोकाला पातं आणि दुसऱ्या टोकाला, माझ्या कोपराच्या मागे, दोन मुठींएवढं पेट्रोल इंजिन.

गेल्या वर्षी जूनमध्ये ते कोठीतून बाहेर काढलं, चोक लावला आणि दोरी ओढली. पाचदा ओढली, वीसदा ओढली. चाळिसाव्या वेळी खांद्यातून कळ आली. तेव्हा लक्षात आलं की स्विच बंदच आहे. हे इथे लिहितोय, घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. स्विच चालू करून आणखी वीसदा ओढली. तरी ढिम्म.

आमच्या वडिलांच्या स्कूटरला असं झालं की ते तिला एका कुशीवर कलती करायचे, पुन्हा उभी करायचे आणि किक मारायचे. ती बहुतेक वेळा ऐकायची. मीही मशीन कलतं करून बघितलं. त्याच्या सायलेन्सरातून मातीचा एक गोळा खाली पडला. कुंभारीण माशीने आत घर बांधलं होतं. चोर सापडला, असं वाटून मी जोमाने दोरी ओढली. तो चोर नव्हता, नुसता भाडेकरू होता.

मग प्लग काढला. या इंजिनांच्या दुखण्यात निम्मं निदान प्लगच सांगतो. ओला निघाला तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी पडत नाहीये किंवा पेट्रोल जास्त झालंय. कोरडा निघाला तर पेट्रोलच पोचत नाही. माझा कोरडा खणखणीत होता. प्लगच्या भोकातून चार थेंब पेट्रोल आत सोडलं, प्लग बसवला, दोरी ओढली. मशीन दोनदा खोकलं, जिवंत असल्याची ग्वाही दिली आणि पुन्हा गप्प झालं. म्हणजे ठिणगी ठीक, दम ठीक, घसा बसलेला. घसा म्हणजे कार्बोरेटर, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला पाजणारा भाग.

आई पडवीतून हे सगळं बघत होती. म्हणाली, "ओल राहिली असेल रे आत कुठेतरी."

मी हसलो. आईला जगातल्या सगळ्या बिघाडांचं कारण ओल हेच वाटतं. मे महिन्यात ती पुरुमेंत भरते, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सोलं, खारवलेल्या कैऱ्या, सांडगे, फणसाचे पापड. प्रत्येक वस्तू ती डब्यात घालण्याआधी बोटांनी मोडून बघते. नुसती वाकली तर पुन्हा उन्हात, कट्‌कन मोडली तरच डब्यात. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्याला हिरवी लव फुटते, तिथे तिचं काय चुकलं म्हणा. पण पेट्रोलच्या टाकीत कसली आलीय ओल?

मशीन स्कूटरच्या पुढ्यात आडवं घालून बाजारातल्या मेस्ताकडे, म्हणजे मेकॅनिककडे, नेलं. त्याने इंजिनला हातही लावला नाही. आधी टाकी एका पारदर्शक बाटलीत रिकामी केली आणि बाटली उजेडात धरली. वर निळसर पेट्रोल, खाली बोटभर पाण्यासारखा थर, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ.

"पात्रांव, पळयात," तो कोंकणीत म्हणाला. "उदक." म्हणजे, मालक, बघा, पाणी.

हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला पाण्याचं भारी वेड. हवेतली ओल ते ओढून घेतं. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की पेट्रोलचा हात सोडून पाण्यासकट तळाशी जाऊन बसतं. माझ्या टाकीचं झाकण सैल होतं आणि कोठीचं एक कौल सरकलेलं होतं, त्यामुळे त्याची चंगळच झाली. यातली खोच अशी, की टाकीतली पेट्रोल ओढायची नळी तळाशी बुडालेली असते. इंजिनच्या तोंडी आधी तो तळातला थरच जातो. टू-स्ट्रोक इंजिनला वेगळं ऑइल मिळत नाही, पेट्रोलमध्ये मिसळलेलं असेल तेवढंच. आणि ते ऑइल तर वरच्या थरात राहिलेलं. मशीन चालू झालं नाही हे माझं नशीब. चालू झालं असतं तर पिस्टन कोरडाच घासला असता.

मेस्ताने कार्बोरेटर उघडला. काडेपेटीएवढा प्रकार. आत एक पातळ रबरी पडदा असतो, तो थरथरत पेट्रोल ओढतो, म्हणून मशीन कसंही तिरपं धरलं तरी चालतं. आमचा पडदा आईच्या पापडासारखा कडक झाला होता. पेट्रोल उडून गेलं की मागे जी चिकट तपकिरी साय उरते, तिने सुईच्या टोकाएवढी भोकं बुजली होती. नवा पडदा, नवी नळी, फुंकून साफ केलेली भोकं, ताजं पेट्रोल. लिटरला 40 मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल. काही नव्या मशीनना 20 पुरतं. किती घालायचं ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि पुस्तिका कुणाच्याच घरात सापडत नाही.

घरी येताना एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. आदल्या ऑक्टोबरात, खंडेनवमीला, मी हे मशीन पुसून चकचकीत केलं होतं. कोयता, कुदळ, पारय यांच्या शेजारी पाटावर मांडलं, गंध लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. आणि टाकी भरलेली तशीच ठेवून कोठीत नेऊन उभं केलं. आठ महिने. मे महिन्यात त्याच कोठीत, त्याच्यापासून दोन हातांवर, आई सोलांच्या बरण्यांची झाकणं कापड बांधून आवळत होती.

गेल्या खंडेनवमीला मी पूजेच्या आदल्या दिवशी बसलो. टाकी रिकामी केली. उरलेलं पेट्रोल संपून मशीन आपसूक बंद पडेपर्यंत चालवलं. प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडलं, दोरी हलक्या हाताने दोन-तीनदा ओढून ते सगळीकडे फिरवलं, प्लग बसवला. मग दोरी जड लागेपर्यंत ओढून तिथेच थांबलो. तिथे पिस्टन वर आलेला असतो आणि सायलेन्सरकडची वाट त्याच्या अंगाने बंद होते, ओल त्या वाटेने आत शिरत नाही. सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबला. कुंभारणीने दुसरं घर बघावं.

आई बाजूला पूजेची भांडी घासत होती. तिने विचारलं, "सुकलं का नीट?" मी हो म्हटलं. तिने उठून टाकीत बोट घालून बघितलं, वास घेतला, नाक मुरडलं आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. पास.

यंदा मृगाच्या दोन सरी येऊन गेल्या आणि मग दोन दिवस कडक उघडीप पडली. मी मशीन अंगणात आणलं, बोळा काढला, ताजं पेट्रोल भरलं, चोक लावला, स्विच बघितला, पुन्हा एकदा बघितला. तिसऱ्या ओढीला इंजिन धडधडलं. आठ महिने आत बसलेलं ते चमचाभर ऑइल जळायला लागलं आणि निळ्या धुराचा लोट अंगणभर पसरत थेट खळ्याच्या कोपऱ्यात गेला, जिथे आईने शेवटचं ऊन दाखवायला सोलं पसरली होती.

"बंद कर ते आधी!" पडवीतून आरोळी आली.

बंद केलं. सोलांच्या तीन चटया आत नेल्या. मग पुन्हा दोरी ओढली.