घशाखालचा कारभार

वरणभाताचा घास तोंडात असेपर्यंत आपला. चावायचा की तसाच ढकलायचा, मध्येच लोणच्याकडे वळायचं की नाही, सगळं आपल्या मर्जीवर. एकदा घशाखाली उतरला की आत काय चालतं ते आपल्याला कुणी विचारायला येत नाही. शीर्षासन करून गिळला तरी अन्ननलिका त्याला ढकलत ढकलत जठरात पोचवतेच. (करून बघू नका, ठसका लागेल आणि वर घरच्यांची बोलणी खावी लागतील.)

बरं, तोंडातल्या तेवढ्या वेळात तरी आपण काय करतो? मोबाइल बघतो. नुसता पांढरा भात अंमळ जास्त चावून पाहा, गोडसर लागू लागतो. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडायला लागलेलं असतं, त्याची ती गोडी. घाईघाईत जेवणाऱ्याला ती कळतच नाही.

कौतुक मात्र सगळं जठराच्या वाट्याला येतं. ते राबतं, नाही असं नाही. आम्ल आणि पेप्सिन घेऊन डाळीतल्या प्रथिनांच्या मागे लागतं, काही तास घुसळत बसतं. पण अन्नातलं सत्त्व रक्तात जायचं म्हणाल, तर तिथून जवळपास काहीच जात नाही. तो कारभार लहान आतड्याचा. त्याला आतून घड्या, घड्यांवर बारीक अंकुर आणि अंकुरांवर आणखी बारीक केस. हे सगळं पसरलं तर टेनिस कोर्ट भरेल, असं आम्ही वाचत आलो. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्याने मोजमाप केलं, तेव्हा अख्ख्या पचनमार्गाचं अस्तर मिळून जेमतेम ३० चौरस मीटरच्या आसपास भरलं. म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट, मुंबईतला एक वन-आरके! एवढ्याशा जागेत आयुष्यभराची जेवणं उरकायची. वर दर तीन ते पाच दिवसांनी तिथलं अस्तर नवं होतं, तेही सोसायटीची परवानगी न घेता.

वरणभात-तूप-लिंबू या चौकडीबद्दल मला खास आदर वाटतो तो इथे. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतलं लायसीन भातात कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत त्यांतलंच मेथिओनिन कमी, ते भात भरून काढतो. तूप आतड्यात उतरलं की पित्ताशय आकसतं आणि पित्त सोडतं. त्या पित्ताने स्निग्धाचे बारीक कण होतात आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं त्यांच्याबरोबरच आत शिरतात. बिनतुपाचं पथ्य करणाऱ्यांनी हे एकदा ऐकून घ्यावं. डाळीतलं लोह तर मोठं हट्टी, सहजी शोषलं जात नाही. त्याला वळवतं लिंबातलं क जीवनसत्त्व. आपल्या पणज्यांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती. चवीसाठी म्हणून त्यांनी जे पानात वाढलं, ते आतड्यालाही मानवलं.

एवढं सगळं जुळून आल्यावर त्यावर पाणी ओततो तो चहा. चहातली टॅनिन्स लोहाला धरून बसतात, मग ते शोषलं जात नाही. जेवून हात धुतल्या धुतल्या ज्यांना कप लागतो, अशी माणसं आमच्याच घरात आहेत. तासाभराने घ्या, असं सुचवून पाहिलं.

“मग तू वरणावर लिंबाच्या दोन फोडी पिळत जा,” असं उत्तर मिळालं, आणि आधण चढलं.