आय राइस ईट

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून निवृत्त झाले आणि पुढच्याच फेब्रुवारीत काठमांडूला गेले. बौद्धनाथच्या स्तूपामागे एका लहानशा गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, तीन महिने इंग्रजी शिकवायचं होतं. दीर म्हणाले, "वैनी, एवढ्या लांब कशाला जालाय ओ? आपलं मुंडगोड हाय की!" डेपुंग आणि गांदेन हे तिबेटी मठ 1969 पासून आपल्या कर्नाटकातच मुंडगोडला आहेत, हे खरंच. पण तिथल्याच एका लामांनी मला सांगितलं होतं, की काठमांडूच्या त्या लहान मुलांना कुणी शिक्षक टिकत नाही.

गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, मग गोरखपूर, सुनौली आणि पुढे रात्रभर बस. पिशवीत दोन किलो कुंदा.

वर्गात बावीस छोटे लामा. कुणी मुस्तांगचा, कुणी सोलुखुंबूचा, कुणी तमांग घरातला. मला 'गेन-ला' म्हणायचे, म्हणजे गुरुजी. सकाळी ती तिबेटी अक्षरं घोकायची: क ख ग ङ, च छ ज ञ. घ नाही, झ नाही, बाकी ओळ आपलीच. ऐकताना मला पहिलीचा वर्ग आठवायचा.

"व्हॉट इज युवर नेम" सगळ्यांना तोंडपाठ. दर दोन आठवड्यांनी नवा स्वयंसेवक येतो आणि पुन्हा तिथूनच सुरू करतो. फार वाईट वाटलं. जाणाऱ्यांना कळकळीनं सांगते, निदान तीन महिने जा, आणि येताना कुठवर शिकवलं ते वहीत लिहून ठेवा.

तिसऱ्या दिवशी फळ्यावर एकानं लिहिलं: आय राइस ईट. मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. खानापुरात हीच चूक मी वर्षानुवर्षं लाल पेनानं खोडली होती. मराठी घरातली मुलं तसंच लिहायची, कन्नड घरातलीही. इथं घरची बोली, नेपाळी, तिबेटी, सगळीकडे क्रियापद शेवटीच. मुलं चुकत नव्हती, आपल्या भाषेतच विचार करत होती.

मग जुन्या कॅलेंडरची पानं फाडून पाठीमागे तीन शब्द लिहिले. तिघांना ओळीत उभं केलं. 'ईट'वाला आठ वर्षांचा, सर्दीनं नाक लाल झालेला, उपरण्याचा पदर खांद्यावरून सारखा घसरणारा. त्याला सांगितलं, "इंग्रजी बोलायचं म्हटलं की तू मध्ये जायचं." तो पळत मध्ये घुसला. "आय ईट राइस!" बावीस गळे. "आता तिबेटी!" तो पुन्हा शेवटी. घंटा झाली तरी कुणी जागचं हलेना.

निघताना त्यांनी गळ्यात खाता, म्हणजे मानाचं उपरणं, घातला. वही बड्या लामांच्या हातात दिली, पान 64 पर्यंत भरलेली.

आता शाळेत आठवड्याला दोन तास घेते. तीच पानं, तीच ओळ. परवा चौथीतल्या एका कन्नड घरच्या मुलीनं विचारलं, "बाई, मी 'ईट' होऊ काय?"