तुम्ही विचारलंत म्हणून: घरी काय कमी आहे?

हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतोच. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकू विचारतात, लग्नकार्यात मावसभाऊ विचारतो, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर कोणीतरी माझा कॅफेतला फोटो बघून "काय ऐश आहे बाई" असं टाकलं आणि खाली सतरा जणींनी हसरे चेहरे. एका रिक्षावाल्या काकांनी मात्र सगळ्यात सरळ विचारलं होतं, "ताई, तुम्हाला नेहमी इथंच सोडतो, हॉटेलात कामाला आहात का?" मी हो म्हणाले. खोटं नव्हतंच ते.

तर, घरी काय कमी आहे म्हणून मी लॅपटॉप घेऊन कॉफी शॉपमध्ये जाऊन बसते? काही कमी नाहीये. घरी सगळं जास्तच आहे, तोच प्रॉब्लेम आहे.

आधी काम काय करते ते सांगते, कारण त्यावरूनही बरेच गैरसमज आहेत. मी सबटायटल्स करते. वेबसिरीज, सिनेमे, कधीकधी कंपन्यांचे ट्रेनिंगचे व्हिडिओ, इंग्रजी-हिंदीतून मराठीत. एका ओळीत साधारण 42 अक्षरं बसवायची, एका वेळी स्क्रीनवर दोनच ओळी, आणि माणूस बोलून मोकळा व्हायच्या आत वाचून झालं पाहिजे. म्हणजे समोरचा नट तावातावाने दहा वाक्यं बोलतो आणि मला त्याचं भांडण दोन ओळीत मिटवायचं असतं. याला डोकं सलग लागतं, तासभर तरी. सलग तासभर हा शब्दप्रयोग आमच्या घरात कोणाला कळेल असं वाटत नाही.

कोथरूडला आमचं टू बीएचके. सासू-सासरे, नवरा, सातवीतली मुलगी आणि मी. माणसं चांगली आहेत सगळी, उगाच सीरियलसारखं काही डोक्यात आणू नका. पण मी घरात खुर्चीवर बसलेली दिसले की त्याचा अर्थ मी मोकळी आहे असा होतो. सिलेंडर आला, बघ गं. कुरियरवाला खाली आहे, ओटीपी सांग. मेथी आणलीये, निवडून ठेवू का तू निवडतेस? यातलं प्रत्येक काम दोन मिनिटांचं असतं, खरंच दोनच मिनिटांचं, आणि म्हणूनच नाही म्हणता येत नाही, कारण दोन मिनिटांसाठी नाही म्हणणारी सून कशी दिसते ते तुम्हाला माहितीये.

2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मला वाटलं की चला, आता नवरा पण घरून काम करेल, म्हणजे घरून काम असतं काय ते सगळ्यांना कळेल. कळलं की! त्याच्यापुरतं कळलं. त्याला बेडरूम मिळाली, कामासाठी घेतलेलं एकुलतं एक टेबल मिळालं, आणि सासूबाई ओठांवर बोट ठेवून सांगायला लागल्या की हळू बोला, त्याचा कॉल चालू आहे. मिक्सर त्याच्या मीटिंगा बघून लावायचा. मी डायनिंग टेबलावर. म्हणजे ज्या टेबलावर कणीक मळतात, पेपर वाचतात, मुलीचा चित्रकलेचा तास होतो आणि सासरे बीपी मोजतात. मी चार वर्षं आधीपासून घरून काम करत होते हो, पण कॉलवर असणं म्हणजे काम आणि कानाला हेडफोन लावून सिनेमा बघणं म्हणजे... आता त्यांच्या बाजूने बघितलं तर दिसायला तो सिनेमाच असतो, मान्य आहे.

कॅफेची सुरुवात मात्र त्याच्याही आधीची, आणि अगदी पुणेरी कारणाने. पुण्यात राहणाऱ्यांना गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: देखभाल-दुरुस्ती म्हटलं की ती गुरुवारी, त्यामुळे पाणी जातं ते गुरुवारी आणि लाईट जाते तीही बऱ्याचदा गुरुवारीच. 2017 मधल्या अशाच एका गुरुवारी माझी संध्याकाळची डेडलाईन होती, बॅटरी वीस टक्के, आणि लाईट पाचच्या आत येणार नाही असा मेसेज. मी तशीच उठले, चालत दहा मिनिटांवर एक कॅफे होता तिथे प्लग पॉइंट शोधून बसले आणि तीन तासांत एपिसोड संपवला. घरी त्याला पूर्ण दिवस गेला असता. मला वाटलं कॉफीमुळे झालं असेल. मग पुढच्या गुरुवारी पण गेले. मग सोमवारी पण, आणि सोमवारी लाईट होती.

लोक म्हणतात मग लायब्ररीत जा, फुकट आहे. अहो, मी तर सदाशिव पेठेतली अभ्यासिका पण करून बघितली. एमपीएससीची पोरं महिन्याचे पैसे भरून तिथे आपापल्या कप्प्यात बसलेली असतात, पुढ्यात भिंतीला वेळापत्रक चिकटवलेलं, शेजारी पाण्याची बाटली, आणि इतकी शांतता की पंख्याचा आवाज पण अपराधी वाटतो. माझ्या कीबोर्डची टकटक दुसऱ्याच दिवशी एका मुलीला असह्य झाली. तिचं बरोबर होतं, तिची तिसरी का चौथी अटेंप्ट होती, आणि मी तिथे बसून कुठल्यातरी माफियाच्या तोंडी मराठी घालत होते. शिवाय मला स्वतःशी पुटपुटायची सवय आहे, डायलॉग कानाला कसा वाटतो ते बघायला. कॅफेत एकदा मी बऱ्यापैकी मोठ्याने "सोडणार नाही तुला, कुत्र्या" असं म्हणाले आणि शेजारच्या टेबलावरचा एलआयसीवाला बिचारा बोलता बोलता थांबला. पण थांबला तेवढंच, पुढच्या मिनिटाला तो त्याच्या मॅच्युरिटीवर आणि मी माझ्या माफियावर. अभ्यासिकेत हाकललं असतं.

आवाजाचं म्हणाल तर यावर रीतसर संशोधन झालंय. रवी मेहता, ज्युलिएट झू आणि अमर चीमा यांचा 2012 चा पेपर आहे, त्यात त्यांना असं दिसलं की साधारण 70 डेसिबलच्या आवाजात, म्हणजे गजबजलेल्या कॅफेत असतो तेवढ्यात, लोकांना कल्पक कामं 50 डेसिबलच्या शांततेपेक्षा जास्त चांगली जमली, आणि 85 ला गेल्यावर सगळंच बिघडलं. आमच्या घरचा आवाज किती डेसिबल आहे ते मी मोजलेलं नाही. पण मला विचाराल तर मुद्दा डेसिबलचा नाहीच. कॅफेतल्या आवाजात माझं नाव नसतं. घरातल्या प्रत्येक आवाजात कुठेतरी माझं नाव असतं, किंवा आता येईल असं वाटत राहतं, कुकरच्या शिट्टीत पण. त्या शिट्ट्या मी मोजतेच, मला नको असलं तरी.

तर मी 240 रुपयांना कॉफी घेतच नाही. मी तीन तास कोणी हाक मारणार नाही हे विकत घेते, वर 5 टक्के जीएसटी भरून. कॉफी फुकट मिळते असं समजा. कधीकधी ती तशी लागते पण.

परवडतं का, हा पुढचा प्रश्न असतोच. आठवड्यातून तीन दिवस जाते, दिवसाला दोन ऑर्डरी, कॉफी आणि काहीतरी खायला, सरासरी साडेचारशे. महिन्याचे बारा दिवस धरले तर 5,400. कोवर्किंगवाल्यांकडे, म्हणजे ऑफिसातली खुर्ची भाड्याने देणाऱ्यांकडे, चौकशी केली होती, त्यांनी एका खुर्चीचे महिन्याला साडेसात हजार सांगितले, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 8,850, आणि तिथे सगळी पंचविशीतली स्टार्टअपवाली पोरं काचेवर मार्करने बाण काढत असतात. सासरे हिशोबी आहेत, ते म्हणाले 5,400 म्हणजे वर्षाला पासष्ट हजार होतात. मी म्हटलं बाबा, दुकानदार गाळ्याचं भाडं देतो तेव्हा त्याला कोणी म्हणतं का की घरी मांड दुकान. यावर ते काही बोलले नाहीत, पण पटलंय असंही नाही, कारण दुकानात गिऱ्हाईक तरी दिसतं.

खरं तर कॉफीच्या टेबलावर धंदा करणं ही काही लॅपटॉपवाल्यांनी काढलेली फॅशन नाही. लंडनमध्ये 1680 च्या दशकात एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचं कॉफी हाऊस होतं, तिथे जहाजवाले, व्यापारी जमायचे, कुठलं जहाज कुठे पोचलं कुठलं बुडालं ती खबर तिथे मिळायची म्हणून जहाजांचा विमा उतरवणारे तिथेच टेबलं अडवून बसायला लागले, आणि त्याचंच पुढे लॉइड्स ऑफ लंडन झालं. तिथल्या शेअर बाजाराचं मूळ पण असंच, जोनाथन्स नावाच्या कॉफी हाऊसमध्ये. इतकं लांब कशाला, आपल्याकडे कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान 1996 मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर निघालं तेच मुळी सायबर कॅफे म्हणून, म्हणजे लोक इंटरनेटसाठी यायचे आणि सोबत कॉफी. आपण आता वायफायचा पासवर्ड विचारतो तेव्हा जुनीच परंपरा चालवतो, काउंटरवरच्याला तसं वाटत नसलं तरी. आणि अरुण कोलटकर काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये बसायचे, खिडकीतून समोरचा तिठा बघत, मित्रमंडळी जमायची ती पण गुरुवारी दुपारी. गुरुवार वाचून मला फार बरं वाटलं होतं. बाकी साम्य काहीच नाही, ते कविता करत होते आणि मी 42 अक्षरं मोजतेय.

आता दुसरी बाजू पण सांगते, कारण कॅफेवाल्यांचं डोकं फिरतं ते उगाच नाही. त्यांचं भाडं आमच्यासारख्यांच्या एका कपुचिनोवर निघत नाही. टेबल दिवसातून किती वेळा फिरतं यावर त्यांचं गणित असतं. वैशाली हॉटेलात शनिवारी सकाळी तुमच्या खुर्चीमागे पुढचं कुटुंब उभं असतं आणि तुमच्या वाटीत सांबार किती उरलंय ते बघत असतं, तिथे लॅपटॉप उघडायची कोणाची छाती होईल? कॅफे गुडलकमध्ये बनमस्का-चहा संपला की माणूस आपोआप उठतो. तिथे येणाऱ्यांना हे न सांगता कळतं. आम्हा लॅपटॉपवाल्यांना मात्र सांगावं लागतं, आणि सांगितलं की राग येतो. एक पोरगा मी असा बघितलाय की त्याने चार जणांच्या टेबलावर दुसरा मॉनिटर मांडला, घरून एक्स्टेन्शन बोर्ड आणला, एक अमेरिकानो घेतली आणि सकाळी अकरा ते संध्याकाळी साडेपाच बसला, दुपारी दोन मैत्रिणी जागा नाही म्हणून परत गेल्या तरी ह्याची मान वर नाही. वर क्लायंटशी स्पीकरवर! दक्षिण कोरियात तर असे लोक इतके झालेत की त्यांना वेगळं नाव आहे, कागोंगजोक, म्हणजे कॅफेत अभ्यास करणारी जमात, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या स्टारबक्सला सांगावं लागलं की बाबांनो डेस्कटॉप आणि प्रिंटर घेऊन येऊ नका. प्रिंटर! वाचून मी नवऱ्याला म्हटलं, बघ, मी फक्त चार्जर नेते.

मी आधी जायचे त्या एका कॅफेने प्लग पॉइंटवर चिकटपट्टी लावली आणि टेबलावर गोड इंग्रजीत एक कार्ड ठेवलं, शनिवार-रविवार आपण एकमेकांशी बोलूया, स्क्रीनशी नको, असल्या अर्थाचं. मला ते लागलं. पुण्यात राहून इतकं आडून कशाला बोलायचं, सरळ पाटी लावा की एका कॉफीत दीड तास, पुढे उठा किंवा मागवा. मी आनंदाने मागवलं असतं. मी स्वतः असंच करते, दीड तासाला एक ऑर्डर, साडेबारा ते अडीच जेवणाच्या गर्दीत जात नाही, भिंतीकडची दोघांची जागा घेते. भिंतीकडची यासाठी पण की एकदा माझ्या स्क्रीनवर खून चालला होता आणि मागच्या टेबलावर बेबी चेअरमध्ये एक पिल्लू मन लावून बघत बसलेलं. त्याच्या आईने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

पण सगळ्यात गंमत म्हणजे, आता जिथे जाते तिथे सात महिने झाले, आणि काउंटरवरचा मुलगा मला ओळखायला लागलाय. बीडचा आहे, पहाटे तळजाई टेकडीवर पळतो, पोलीस भरती करायचीये. आधी नुसतं "नेहमीचं ना ताई" होतं. मग एकदा त्याने फॉर्ममधलं एक वाक्य विचारलं. मग त्याच्या मित्राचा बायोडाटा आला. परवा मी एका अवघड शिवीवर अडकले होते, म्हणजे मूळ शिवी कडक होती आणि मराठीत एकतर फार घाण होत होती नाहीतर फार गोड, आणि हा येऊन म्हणाला, ताई, दोन मिनिटं आहेत का?

होती. देतेच मी. पण त्या संध्याकाळी येताना मी शेजारच्या गल्लीतल्या नव्या कॅफेचा मेनू काचेतून वाचून आले, उगाच, माहिती असावी म्हणून.

दिवाळीत नवऱ्याने इन्व्हर्टर बसवला. खास माझ्यासाठी, असं सगळ्यांना सांगून, आणि त्याचं मन खरंच चांगलं होतं. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, आता गुरुवारी तुला हॉटेलात जायला नको. मी पण म्हटलं हो ना, बरं झालं. गेल्या गुरुवारी मी कॅफेत असताना त्यांचा फोन आला, धनेपूड कुठे ठेवलीये म्हणून. सांगितलं, वरच्या फळीवर, निळ्या झाकणाचा डबा. मग म्हणाल्या, "आणि अगं, आज लाईट गेलीच नाही बघ."

"हो का?" म्हटलं, आणि बीडच्या दादाला खुणेनेच सांगितलं, अजून एक आण.