आज तिसरीच्या वर्गात मुंग्या

माहितीपर लेखनाचा आज चौथा तास. गेल्या तासाला 'मुंगी' या विषयावर जवळजवळ सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: मुंगी मेहनती असते, मुंगी मला खूप आवडते. वाचताना वाटलं, यात मुंगी कुठे आहे?

म्हणून आज वह्या आणि भिंगं घेऊन सगळ्यांना बाहेर नेलं. अट एकच. जे दिसेल तेच लिहायचं, आणि प्रत्येक वाक्याला 'तुला कसं कळलं?' हा प्रश्न विचारायचा. पायांवरून जोरदार वाद झाला. कुणी 4 म्हणे, कुणी 8. शेवटी एक मुंगी क्षणभर थांबली तेव्हा 6 मोजून झाले, आणि जे 8 पाय वाटत होते त्यातल्या 2 तर मिशा निघाल्या! एकाने रांगेवरून आडवं बोट फिरवलं. मुंग्या तिथे येऊन अडखळल्या, गोल फिरू लागल्या. वास पुसला गेल्यामुळे वाट हरवली, हे मी नंतर सांगितलं. आधी त्यांना लिहू दिलं.

शुद्धलेखनाच्या चुका भरपूर आहेत. त्या नंतर बघू, आज लाल पेन काढलंच नाही.

वर्गात सहसा गप्प असणाऱ्या एका मुलीने लिहिलंय: "समोरून दुसरी मुंगी आली की दोघी थांबतात. मिशांना मिशा लावतात. मग जातात. मी 11 वेळा पाहिलं."

ते 'मी 11 वेळा पाहिलं' मी संध्याकाळपासून कितीदा तरी वाचलंय.